उतारावरचा ब्रेक आणि डबीतलं ब्रेक ऑइल

गाडीवर जीव असणाऱ्यांच्या गप्पा इंजिनापाशी सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथेच संपतात. पिकअप कसा आहे, इंजिन ऑइल कोणत्या ग्रेडचं घातलं, किती किलोमीटरला बदललं, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं असं विचारलं, की उत्तर येतं, "कमी झालं की टाकतो." ब्रेक ऑइल जळत नाही, आटत नाही. ते कमी झालं याचा अर्थ एकतर पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासणारे तुकडे, झिजले आहेत, म्हणून पिस्टन बाहेर सरकून ऑइल कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीत, गेलं आहे. नाहीतर कुठेतरी गळती आहे. वरून नुसतं भरून दोन्ही खुणा आपण स्वतःच पुसून टाकतो. म्हणून आज फक्त ब्रेकबद्दल.

ब्रेकचं काम एकच, गतीची उष्णता करायची आणि ती हवेत सोडायची. माणसांसकट १४०० किलोची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणताना जवळजवळ ६९ लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. चारही डिस्क मिळून २५ किलो बीड धरलं आणि सगळी उष्णता त्यातच गेली असं मानलं, तर डिस्कचं तापमान ६०० अंशांच्या आसपास वाढेल. प्रत्यक्षात हवेचा विरोध, टायरचं घर्षण आणि डिस्कवरून वाहणारा वारा आपापला वाटा उचलतात, म्हणून इतकं होत नाही. पण इंजिनाला वाटा उचलू द्यायचा की नाही, हे चालवणाऱ्याच्या हातात असतं, आणि घाटात सगळा फरक तिथेच पडतो.

उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली आणा, म्हणजे इंजिन गाडीला अडवून धरतं. ज्या गिअरमध्ये तोच रस्ता चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, ही जुनी रीत आजही बरोबर आहे. तीव्र उतार असेल तर आणखी एक गिअर खाली. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा खालच्या गिअरची खूण असतेच, ती उतारासाठीच दिलेली आहे. इंजिन तीन हजार फेऱ्यांवर ओरडलं म्हणून त्याला काही होत नाही. न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचतं हा समज मात्र सोडून द्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजेक्टर बंद होतात, कारण इंजिनाला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये तेच इंजिन आयडलिंगसाठी इंधन पीत राहतं आणि सगळं ओझं ब्रेकवर पडतं. उतारावर इंजिन बंद करणं तर त्याहून घातक. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जातं, आणि किल्लीच्या गाडीत किल्ली पूर्ण मागे फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

गिअर योग्य असूनही ब्रेक लागतोच. तेव्हा पाय सतत हलका टेकवून ठेवू नका. ताशी ४० हा वेग ठरवला असेल, तर ४५ झाल्यावर नीट जोर देऊन ३५ वर आणा आणि पाय पूर्ण उचला. दोन्ही रीतींत तयार होणारी एकूण उष्णता जवळपास सारखीच असते, हे मान्य. पण हलक्या दाबात चारही चाकं सारखं काम करतीलच असं नाही, एखादंच जास्त तापतं. शिवाय पाय उचलून पुन्हा ठेवला, की पेडल कुठे धरतंय ते दर वेळी कळतं. ब्रेक बिघडण्याची पहिली वर्दी तिथूनच मिळते.

ही वर्दी दोन प्रकारची असते, आणि दोन्हींत गल्लत करून चालत नाही. पेडल नेहमीसारखं कडक आहे, वर आहे, पण गाडी थांबायला मागत नाही, जळका वास येतोय: ही पॅडची हार. पॅडमधला बांधणीचा मसाला तापून वायू सोडतो आणि घर्षण कमी होतं. इथे जास्त जोर लावायचा, गिअर आणखी खाली आणायचा आणि जागा मिळताच थांबायचं. दुसऱ्या प्रकारात पेडल स्पंजासारखं लागतं, खोल जातं, शेवटी तळाला टेकतं. इथे ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोहोचतच नाही. पेडल भराभर पंप करा, थोडाफार दाब परत येतो. गिअर एकेक करून खाली आणा आणि हँडब्रेक बटण दाबून धरूनच हळूहळू ओढा, म्हणजे मागची चाकं लॉक होणार नाहीत. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, बिडाला तडा जातो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि निदान अर्धा तास थांबा. निवल्यावर पेडल परत कडक लागलं, तरी तो ब्रेक दुरुस्त झाला असं समजू नका.

ऑइल उकळतं ते पाण्यामुळे. डॉट म्हणजे डबीवर लिहिलेला ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे तिन्ही ग्लायकॉलच्या जातीचे द्रव हवेतली ओल शोषतात. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून, रबरी होजमधूनसुद्धा. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं, की हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर आले तरी ते मानकात बसतं. म्हणजे ओलावलेलं डॉट ४ हे ताज्या डॉट ३ पेक्षा ५० अंश आधी उकळू शकतं. रोजच्या सपाट रस्त्यावर हे कधीच जाणवत नाही, म्हणून "माझा ब्रेक तर झकास लागतो" हा पुरावा कामाचा नाही. किलोमीटर कितीही झालेले असोत, दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नाव सारखं दिसलं तरी ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या (जोराच्या ब्रेकमध्येही चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत घालायचं नाही. फोडून महिनोन्महिने कपाटात ठेवलेली डबीही वापरू नका, तिने आधीच ओल खाल्लेली असते.

बदलायचं काम दोन माणसांत तासा-दीड तासाचं आहे. एक लिटरचा सीलबंद डबा, कॅलिपरच्या निपलवर (जुनं ऑइल बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू) घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, एक बाटली आणि निपलच्या मापाचा रिंग पाना एवढं लागतं. बहुतेक गाड्यांना ८ ते ११ मिलिमीटरमधलाच पाना लागतो. फिक्स पाना लावला तर गंजलेल्या निपलचे कोपरे गोल होतात, मग अख्खा कॅलिपर काढायची वेळ येते. आदल्या रात्री निपलवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. आधी टाकीतलं काळपट ऑइल मोठ्या सिरिंजने ओढून घ्या आणि नवं भरा, म्हणजे जुनं सगळं पाइपातून ढकलत बसावं लागत नाही. मास्टर सिलेंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा सिलेंडर) सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्याकडे यायचं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये पाहा.

नळीचं टोक बाटलीत थोडं ताजं ऑइल घालून त्यात बुडवा. आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबून धरायचं आणि "धरलं" म्हणायचं. बाहेरच्याने निपल पाव फेरा सोडायचं, पेडल खाली गेलं की बंद करायचं, आणि मगच "सोड" म्हणायचं. हा क्रम एकदा जरी चुकला, निपल उघडं असताना पेडल वर आलं, तर हवा आत ओढली जाते. नळीकडे नीट बघत राहा: आधी चहासारखं तपकिरी येतं, मध्येच साबुदाण्याएवढे बुडबुडे सरकतात, मग एकदम स्वच्छ पिवळसर धार लागते. तशी धार लागल्यावर आणखी चार-पाच दाब द्या. एका चाकाला साधारण २०० मिलिलिटर पुरतं. दर आठ-दहा दाबांनी टाकीत भर घाला. पातळी तळाला गेली तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरते आणि ती काढायला बहुधा स्कॅनर जोडून पंप चालवावा लागतो.

अनेकांच्या हातून इथे एक गोष्ट सुटते. जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलेंडरची सीलं रोज ठराविक पट्ट्यातच फिरतात. त्यापुढच्या भागात गंज आणि गाळ बसलेला असतो. असं ऑइल काढताना, म्हणजे ब्लीड करताना, सील त्यावरून घासली, की फाटते. मग आठवडाभरात पेडल बसायला लागतं आणि दोष नव्या ऑइलला दिला जातो. रंगावर सांडलेलं ऑइल पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलतो.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. कडक झाल्यावर दाबून धरा आणि इंजिन चालू करा: पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक आहे. तसंच अर्धा मिनिट जोर देऊन धरा. हळूहळू खाली सरकत राहिलं, तर मास्टर सिलेंडरची सील गेली आहे किंवा कुठेतरी गळतंय. गाडी जागची हलवू नका.

चाक काढलेलंच असतं, तर पॅडही बघून घ्या. नवा पॅड १० ते १२ मिलिमीटरचा असतो; ३ उरले की बदला, आणि एका ॲक्सलचे दोन्ही बाजूंचे एकदम बदला. बाहेरचा पॅड जाड दिसला म्हणून समाधान मानू नका. तरंगत्या कॅलिपरच्या स्लाइड पिना (ज्यांवर तो सरकतो) जाम झाल्या, की आतला पॅड एकटाच झिजतो. बाहेरचा ७ मिलिमीटर असताना आतला पत्र्याला टेकलेला सापडतो. पीन हाताने दाबून सहज आत-बाहेर सरकली पाहिजे. साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा; साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पीन आधीपेक्षा घट्ट बसते. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधून ठेवा. मागच्या डिस्कला हँडब्रेक जोडलेला असेल, तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन फिरवून आत घालावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड. क्लॅम्प लावून रेटलं तर यंत्रणा तुटते. काम झाल्यावर, गाडी सुरू करून निघण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेले असल्यामुळे पहिले काही दाब पोकळ जातात.

नवे पॅड डिस्कवर नीट जुळावेत म्हणून आठ-दहा वेळा ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करा, मध्ये थोडं निवू द्या, आणि तापलेलं असताना पेडल दाबून उभे राहू नका. ब्रेक लावताना पेडल थरथरत असेल, तर डिस्क वाकली म्हणून लगेच बदलायला धावू नका. हबवरचा गंजाचा थर किंवा कमी-जास्त कसलेले नट यांमुळेही डिस्क किंचित तिरकी फिरते. हब तारेच्या ब्रशने घासा, नट समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने कसा.

आता वेगाचं गणित. चांगल्या कोरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावला, की वेग दर सेकंदाला साधारण ताशी २५ किलोमीटरने उतरतो. ६० वरून थांबायला २० मीटर लागतात, १०० वरून ५५. त्याआधी धोका दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा: ६० ला २५ मीटर, १०० ला जवळजवळ ४२ मीटर. म्हणजे दोन गाड्या शेजारी शेजारी असताना दोघांनाही एकदमच अडथळा दिसला आणि ६० ची गाडी ४५ मीटरवर थांबली, तर त्याच जागी १०० च्या गाडीचा ब्रेक जेमतेम लागलेला असतो आणि तिचा वेग अजून ९७ असतो. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी ताणलं जातं. टायरच्या नक्षीच्या खोलीची कायदेशीर मर्यादा बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर असली, तरी पावसात ३ च्या खाली नक्षी पाणी बाहेर फेकायला कमी पडते, म्हणून मी ३ हीच मर्यादा मानतो. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे लावा, कारण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, मागची सुटली तर गरकन फिरते.

एवढं सगळं ठीक असूनही पुष्कळ जण गरजेच्या क्षणी पेडल पूर्ण दाबतच नाहीत. एबीएस चालू झालं, की पायाखाली खडखड होते, दचकून पाय उचलला जातो आणि अंतर वाढतं. सीट अशी लावा, की पेडल तळापर्यंत दाबलं तरी गुडघ्यात बाक राहील; पाय सरळ झाला तर जोर लागत नाही. मग रिकाम्या, मोकळ्या जागेत, मागेपुढे कोणी नाही हे पाहून, सामान बांधून, ताशी ४० वर क्लच आणि ब्रेक एकदम करकचून दाबा. खडखड सुरू झाली तरी गाडी पूर्ण थांबेपर्यंत जोर तसाच ठेवा. तीन-चार वेळा हे जमलं, की पुढच्या फेरीला ब्रेक दाबलेलाच ठेवून स्टिअरिंग थोडं वळवून बघा, गाडी वळते.