४,२९,४९,६७,२९७ : मूळ वाटणारी, पण मूळ नसलेली संख्या

२ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मिळते. २ च्या १, २, ४, ८ आणि १६व्या घातात १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या तिच्या आधीच्या पाचही संख्या मूळ असल्यामुळे हीदेखील मूळच असणार, असे सतराव्या शतकात फ्रेंच गणिती फर्माने मानले होते. पण १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने तिचे ६४१ आणि ६७,००,४१७ असे दोन अवयव दाखवून दिले.

मला या संख्येत सर्वांत मोहक वाटतो तो ६४१. तो ५ गुणिले १२८ अधिक १ असाही लिहिता येतो आणि ६२५ अधिक १६ असाही. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागताना फक्त बाकी पाहिली तर ५ गुणिले २ चा ७वा घात म्हणजे उणे १. त्याचा चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८वा घात म्हणजे १. आता दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी उणे १६ ठेवा : २ चा ३२वा घात उणे १ होतो, त्यात १ मिळवला की बाकी शून्य, आणि भागाकार निःशेष! एवढी मोठी संख्या प्रत्यक्ष लिहावीसुद्धा लागत नाही.

शोधही अंदाधुंद नव्हता. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येतो. अशा संख्यांतल्या मूळ तेवढ्या तपासायच्या, म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१ : पाचव्याच प्रयत्नाला उत्तर. फर्माने एवढे चार-पाच भागाकार का केले नसावेत, याचे मला राहून राहून नवल वाटते.