उंबरठ्याच्या आतले हक्क

मानवी हक्कांचा विषय निघाला की डोळ्यांसमोर बहुधा तुरुंग येतो, पोलिसी छळ येतो, वृत्तपत्रांवरची बंदी किंवा नाकारलेले मतदान येते. या सर्व प्रसंगांत एका बाजूला सत्ता असते आणि दुसऱ्या बाजूला नागरिक. दुसऱ्या महायुद्धानंतरचे पहिले आंतरराष्ट्रीय दस्तऐवज हेच चित्र समोर ठेवून लिहिले गेले आणि युद्धात जे घडले होते ते पाहता त्यात नवल नव्हते. परंतु स्त्रीचा किंवा मुलीचा हक्क हिरावून घेणारा हात अनेकदा सरकारचा नसतोच; तो नवऱ्याचा, वडिलांचा, भावाचा, मालकाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे ३० टक्के स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते आणि ही हिंसा करणारा बहुतेक वेळा स्वतःचा जोडीदारच असतो. घराच्या आत घडणाऱ्या या अन्यायाबद्दल सरकारला जाब विचारता येतो, ही गोष्ट आंतरराष्ट्रीय कायद्याला मान्य करायला जवळजवळ अर्धे शतक लागले. स्त्रियांविषयीच्या करारांची सर्वांत मोठी कमाई मला हीच वाटते, आणि त्यांना होणारा सर्वांत चिवट विरोधही नेमका याच ठिकाणी आहे.

समानतेचे तत्त्व आरंभापासून लिहिलेले होते. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांचा उल्लेख आहे, १९४८ च्या मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्यात आहे, आणि १९६६ मध्ये झालेल्या नागरी व राजकीय तसेच आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या दोन्ही करारांत तिसरे कलम त्यासाठीच राखलेले आहे. मात्र नुसत्या तत्त्वावर किती चालता येते, हे कॅनडातील सँड्रा लव्हलेस यांच्या प्रकरणावरून समजते. त्या मालिसीट या आदिवासी समाजातल्या. समाजाबाहेरच्या पुरुषाशी लग्न केल्यामुळे तेथील कायद्याने त्यांची आदिवासी म्हणून असलेली नोंद आणि तिच्याबरोबर येणारे हक्क काढून घेतले. समाजाबाहेरच्या स्त्रीशी लग्न करणाऱ्या पुरुषाची नोंद मात्र कायम राहत असे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९८१ मध्ये लव्हलेस यांच्या बाजूने निर्णय दिला, पण तो लिंगभेदाच्या मुद्द्यावर नव्हता. नागरी व राजकीय हक्कांचा करार कॅनडाला लागू होण्यापूर्वीच त्यांचे लग्न झालेले असल्याने समितीने अल्पसंख्य समाजाच्या सांस्कृतिक हक्काच्या कलमाचा आधार घेतला. कॅनडाने १९८५ मध्ये कायदा बदलला. निर्णय योग्यच होता, तरीही एका उघड लिंगभेदाचे निवारण दुसऱ्याच कलमातून व्हावे, यातून तेव्हाच्या कायद्याची मर्यादा दिसते.

मधल्या काळात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री-दर्जाविषयक आयोगाने एकेक प्रश्न हाती घेऊन करार घडवले होते. १९५२ चा करार राजकीय हक्कांचा, १९५७ चा विवाहित स्त्रीच्या नागरिकत्वाचा आणि १९६२ चा विवाहातील संमती, किमान वय व नोंदणी यांचा. विशेषतः नागरिकत्वाचा प्रश्न वाटतो तितका कोरडा नाही. आईला स्वतःचे नागरिकत्व वडिलांच्या बरोबरीने मुलांना देता येत नाही असे कायदे आजही दोन डझनांच्या आसपास देशांत आहेत, आणि त्या मुलांचे शिक्षण, औषधोपचार, नोकरी सगळेच त्या एका कागदावर अडते. बोत्स्वानातील युनिटी डाऊ या वकील स्त्रीने आपल्या मुलांसाठी हाच लढा देशातल्या न्यायालयात लढवला आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयात जिंकला. पुढे त्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या.

हे विखुरलेले धागे एकत्र आणणारा करार १८ डिसेंबर १९७९ रोजी झाला. स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे निर्मूलन करण्याचा हा करार ‘सीडॉ’ या नावाने ओळखला जातो. तो ३ सप्टेंबर १९८१ पासून अमलात आहे आणि आज १८९ राष्ट्रांनी तो स्वीकारला आहे. अमेरिकेने १९८० मध्ये सही केली, पण करार बंधनकारक करणारे अनुमोदन अजूनही दिलेले नाही. इराण आणि सोमालिया हेही बाहेरच आहेत. कराराच्या पहिल्याच कलमात भेदभावाची जी व्याख्या आहे, ती हेतूबरोबर परिणामही पाहते. म्हणजे एखादा नियम वरकरणी सर्वांना सारखा असला, तरी त्याच्यामुळे स्त्रीच्या हक्कावर गदा येत असेल तर तो भेदभावच ठरतो. दुसरे कलम सरकारवर केवळ स्वतःच्या वागणुकीची जबाबदारी टाकून थांबत नाही. कोणतीही व्यक्ती, संघटना किंवा उद्योग स्त्रीशी भेदभाव करत असेल, तर तो थांबवण्याचे कर्तव्यही सरकारचेच आहे असे सांगते. पाचवे कलम त्याहून पुढे जाते आणि स्त्री कनिष्ठ किंवा पुरुष श्रेष्ठ या समजुतीवर उभ्या असलेल्या रूढी बदलण्यासाठी पावले उचलण्यास सांगते. सोळावे कलम तर थेट विवाह, घटस्फोट, मुले आणि मालमत्ता यांच्यापर्यंत जाते. १९७९ साली इतकी राष्ट्रे या मजकुरापर्यंत एकत्र आली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

असे असूनही या करारात एक मोठी उणीव होती. कौटुंबिक हिंसा, बलात्कार, मारहाण यांचा त्यात उल्लेखच नाही. स्त्रियांचा व्यापार आणि वेश्याव्यवसायातील शोषण यांच्याबद्दलचे सहावे कलम तेवढे आहे. कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या २३ तज्ज्ञांच्या समितीने १९९२ मध्ये एकोणिसाव्या सर्वसाधारण शिफारशीद्वारे ही उणीव भरून काढली. स्त्रीवर ती स्त्री आहे म्हणून होणारी हिंसा हा पहिल्या कलमातील भेदभावाचाच एक प्रकार आहे, आणि ती रोखण्यात, तिचा तपास करण्यात, ती करणाऱ्याला शिक्षा देण्यात सरकारने पुरेशी दक्षता दाखवली नाही, तर खासगी व्यक्तीच्या कृत्याबद्दलही सरकार जबाबदार ठरू शकते, असे समितीने म्हटले. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील जागतिक परिषदेने स्त्रियांचे आणि मुलींचे हक्क हे सार्वत्रिक मानवी हक्कांचा अविभाज्य भाग असल्याचे जाहीर केले आणि डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा जाहीरनामा संमत केला.

पुरेशी दक्षता म्हणजे नेमके काय, हे स्पेनमधील एका प्रकरणावरून लख्ख समजते. एक स्त्री मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून १९९९ मध्ये लहान मुलीसह वेगळी झाली. नंतरच्या काळात तिने तीसहून अधिक तक्रारी दिल्या, मुलीला वडिलांबरोबर एकटे सोडू नये अशी विनंती पुन्हा पुन्हा केली. तरीही वडील-मुलीचे नाते टिकले पाहिजे या विचाराने न्यायालयाने देखरेखीशिवाय भेटींना परवानगी दिली, आणि २००३ मध्ये अशाच एका भेटीत वडिलांनी त्या सात वर्षांच्या मुलीला गोळी घालून ठार केले व स्वतःचाही शेवट केला. आईने सरकारकडे भरपाई मागितली, ती देशातल्या सर्व पायऱ्यांवर नाकारली गेली. अखेर सीडॉ समितीने २०१४ मध्ये निर्णय दिला की, वडिलांच्या भेटीच्या हक्काविषयीच्या साचेबद्ध समजुतीपुढे मुलीच्या सुरक्षिततेचा आणि आईवर झालेल्या हिंसेचा विचार मागे पडला, आणि हा स्पेनकडून झालेला कराराचा भंग आहे. यातली गोळी कोणत्याही पोलिसाने झाडली नव्हती. तरीही जबाबदारी सरकारची ठरली, कारण तीसहून अधिक वेळा कळवूनही त्या यंत्रणेने ऐकले नव्हते.

समितीचे निर्णय न्यायालयाच्या हुकुमासारखे वसूल करता येत नाहीत, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो बहुतांशी खरा आहे. पण याच प्रकरणात स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये समितीचा निर्णय देशाला बंधनकारक मानला आणि त्या आईला ६ लाख युरो भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच सुमारास समितीने उत्तर आयर्लंडमधील गर्भपातबंदीची चौकशी करून आपला अहवाल दिला होता. ब्रिटिश संसदेने २०१९ च्या कायद्यात त्या अहवालातील शिफारशी अमलात आणण्याचे बंधन सरकारवर घातले. अर्थात ही वैयक्तिक तक्रारीची आणि चौकशीची वाट सर्वांना खुली नाही. ती १९९९ च्या ऐच्छिक पूरक करारातून निघते आणि तो सुमारे ११५ राष्ट्रांनीच मान्य केला आहे. उरलेल्या राष्ट्रांतील स्त्रीला, देशातले सगळे दरवाजे बंद झाले तरी, या समितीकडे थेट दाद मागता येत नाही. भारत त्या उरलेल्यांत आहे.

यापेक्षाही मला अधिक खुपते ती करार मान्य करतानाच काही कलमांना अपवाद नोंदवण्याची पद्धत. कराराच्या अठ्ठाविसाव्या कलमानुसार त्याच्या मूळ उद्देशाला छेद देणारा अपवाद चालत नाही. प्रत्यक्षात अनेक राष्ट्रांनी दुसऱ्या, नवव्या आणि सर्वांत जास्त सोळाव्या कलमाबाबत धर्म किंवा वैयक्तिक कायदा यांचे कारण देऊन असे अपवाद नोंदवले आहेत. म्हणजे मतदान, नोकरी, शिक्षण येथे समानता मान्य. विवाह, वारसा आणि घटस्फोट येथे मात्र नाही. ज्या स्त्रीला घर सोडण्याचा, मुलांचा ताबा मागण्याचा किंवा मालमत्तेत वाटा घेण्याचा हक्क नाही, तिला कागदावर मिळालेला नोकरीचा हक्क कितपत वापरता येईल? समितीने १९९८ मध्ये दुसरे आणि सोळावे ही दोन्ही कलमे कराराचा गाभा असल्याचे म्हटले आहे आणि माझ्या मते त्यात शंकेला जागा नाही. भारताने १९९३ मध्ये अनुमोदन देताना, कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या धोरणाशी सुसंगत राहूनच पाचव्या आणि सोळाव्या कलमांतील काही भाग पाळू, असे निवेदन जोडले. पण समाजाची संमती म्हणजे कोणाची संमती? त्या समाजातल्या अर्ध्या माणसांना कोणी विचारणार आहे का, याचे उत्तर त्या निवेदनात नाही.

अपवाद एकदा नोंदवला की तो कायमचा, असे मात्र नाही. मोरोक्कोने २०११ मध्ये आणि ट्युनिशियाने २०१४ मध्ये आपले महत्त्वाचे अपवाद मागे घेतले आणि दोन्हीकडे त्यामागे तेथील स्त्री संघटनांची अनेक वर्षांची चिकाटी होती. शिवाय सरकारने हात आखडता घेतला तरी न्यायालय करार वापरू शकते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल देशात कायदाच नसताना, सीडॉच्या अकराव्या कलमाचा आणि एकोणिसाव्या शिफारशीचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि २०१३ चा कायदा येईपर्यंत तीच लागू होती.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण त्या दोन करारांच्या फटीत सापडतात. सीडॉ मुख्यतः प्रौढ स्त्री समोर ठेवून लिहिला गेला, तर १९८९ चा बालहक्क करार मूल म्हणून मुलगा-मुलीत फरक करत नाही. बालविवाहाचे उदाहरण घ्यावे. १९६२ च्या कराराने किमान वय ठरवा असे सांगितले, पण आकडा राष्ट्रांवर सोडला. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या शिफारशीत तो १५ झाला. सीडॉने बालविवाहाला कायदेशीर परिणाम असणार नाही असे म्हटले, पण वय लिहिले नाही. बालहक्क करार १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानतो, पण त्यात विवाहाचा उल्लेखच नाही. १८ हा आकडा करारात स्पष्टपणे लिहिण्याचे धैर्य आफ्रिकी राष्ट्रांनी २००३ च्या मापुतो प्रोटोकॉलमध्ये दाखवले, याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही. १९९५ च्या बीजिंग परिषदेने ठरवलेल्या बारा प्रमुख विषयांत मुलींना स्वतंत्र स्थान मिळाले, आणि २०१४ मध्ये सीडॉ व बालहक्क या दोन्ही समित्यांनी प्रथमच एकत्र येऊन बालविवाह व जननेंद्रिय विच्छेदन यांसारख्या प्रथांवर संयुक्त शिफारस काढली, तेव्हा कुठे ही फट बुजू लागली.

तरीही मिळवलेले टिकवावे लागते. युरोपातील स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या २०११ च्या इस्तंबूल कराराला सर्वांत आधी अनुमोदन देणारे तुर्कस्तान १ जुलै २०२१ रोजी त्यातून बाहेर पडले. गांबियात जननेंद्रिय विच्छेदनावरील २०१५ ची बंदी उठवण्याचे विधेयक आले. जुलै २०२४ मध्ये तेथील संसदेने ते फेटाळले, पण ते तेथवर पोहोचले होते. अफगाणिस्तानात माध्यमिक शाळा २०२१ पासून आणि विद्यापीठे डिसेंबर २०२२ पासून मुलींना बंद आहेत. त्या देशाने २००३ मध्ये सीडॉला एकही अपवाद न नोंदवता अनुमोदन दिले होते. इस्तंबूल करारातून बाहेर पडण्याची तरतूद आहे, सीडॉमध्ये तशी नाही. सरकार बदलले म्हणून राष्ट्राचे दायित्व संपत नाही. त्याच आधारावर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये एकोणतिसाव्या कलमाखाली अफगाणिस्तानला जाब विचारण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचे जाहीर केले. आधी वाटाघाटी, मग लवाद आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय न्यायालय, असा त्या कलमाचा क्रम आहे. ही वाट लांबची आहे आणि शाळेबाहेर बसलेल्या मुलींची वर्षे त्या वेगाने थांबणार नाहीत, हे मला कळते. पण मुलींच्या शाळेचे दार बंद करणे ही त्या देशाची अंतर्गत बाब आहे, हे उत्तर या करारापुढे टिकत नाही.