दुसऱ्याच्या चपलांतून हरेगाव

माळ ओढायची नाही, एवढं ठरवून निघालो होतो. आमच्याकडे, म्हणजे प्रोटेस्टंटांकडे, उपासना, पाळक आणि वचन. माळ, मिस्सा, मेणबत्त्या हे सगळं पलीकडच्या आळीतलं. पण हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला पायी जाणारी दिंडी कॅथलिकांची, आणि नगर-मनमाड रस्त्याने एकट्याने चालायचं म्हणजे माउलीच्या आधी ट्रकच भेटायचा. म्हणून त्यांच्यात नाव घातलं. चाळीसेक माणसं, सामानाचा टेम्पो, टेम्पोवर भोंगा, भोंग्यात एकच गाणं. नगर ते हरेगाव साधारण 70 किलोमीटर, चार दिवस. मरियेचा जन्मदिवस 8 सप्टेंबरला आणि यात्रा त्याच्या लगतच्या शनिवारी-रविवारी, तेव्हा पाऊस धरूनच चालायचं.

का निघालो, हे सांगण्यासारखं फार नाही. एका मंडळीत, म्हणजे एका चर्चमध्ये, आठ वर्षं होतो, दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलो. कोणती ते राहू द्या. असल्या मंडळ्यांची तऱ्हा सगळीकडे एकच असते. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, हातात येणाऱ्या पगारावर नाही, कापाकापीच्या आधीच्या आकड्यावर. बहिणीच्या लग्नाला जायचं तर विचारून. प्रश्न काढला की 'बंडखोर आत्मा'. आणि बाहेर पडलात की जो भेटेल तो सांगतो, माफ कर आणि मोकळा हो. भाजीची कृती विचारली तर मीठ किती इथपर्यंत सांगणारी माणसं याची कृती मात्र कोणी सांगत नाहीत.

पहिल्या पहाटे पाचला शिट्टी वाजली आणि पोटात गोळाच आला. दोन-दोनची रांग, एक शिट्टी म्हणजे एकेरी व्हा, दोन म्हणजे थांबा. मी मुद्दाम सगळ्यांत मागे रेंगाळत राहिलो. मनात म्हटलं, इथेही हजेरीवाला आहेच. दिंडी रस्त्याच्या उजव्या कडेने चालत होती, समोरची गाडी दिसावी म्हणून. विळद घाटात एक कंटेनर ओव्हरटेक करत थेट आमच्या अंगावर आला. शिट्टी वाजली आणि चाळीस माणसं एका दमात गटारीच्या कडेला. त्यानंतर मी मागे रेंगाळलो नाही. तो शिट्टीवाला मुक्कामी सगळ्यांत शेवटी जेवायला बसला, तोवर रस्सा संपून नुसता भात उरला होता. आमच्याकडचा शिट्टीवाला आधी जेवायचा.

माळेचं गणित चालता चालता कळलं. एका माळेत मरियेची प्रार्थना 53 वेळा आणि प्रभूची 6 वेळा. एका माळेला वीसेक मिनिटं. दिवसाला दहा-अकरा माळा झाल्या की प्रभूची प्रार्थना साठ-पासष्ट वेळा कानावर येते, आणि तिच्यातली ती क्षमेची ओळही. आम्ही म्हणतो 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे'. ते 'अपराध' म्हणतात. मी दोन्ही म्हणत नव्हतो. ती ओळ आली की बाटली तोंडाला लावायची. दिवसात साठ वेळा पाणी प्यायल्यावर काय होतं ते देहऱ्याच्या पुढच्या बाभळींना विचारा.

शेजारी जेऊरचे काका होते, कांदा आणि बाजरीवाले. दुसऱ्या दिवशी की पहिल्याच संध्याकाळी, त्यांनी विचारलं, "त्या ओळीलाच कशी तहान लागती तुम्हाला?" मी म्हटलं, माझं अजून सोडून झालेलं नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "2017 च्या कर्जमाफीत होतो मी. माफी काय अशी हवेत नसती होत. आधी फॉर्म. आधार, खातं, किती थकलं, कधीपासून थकलं. आम्ही नवरा-बायको दोघं अंगठा द्यायला रांगेत. यादीत नाव आल्यावर माफ. आकडाच टाकला नाही तर माफ काय करणार?"

आठ वर्षांत मला कोणी आकडा टाकू दिला नव्हता. वहीतलं पान न वाचताच फाड, म्हणजे तू आत्मिक, एवढंच शिकवलेलं. पैसे किती, हे मोजता येतं. कोणाच्या आजारपणाला गेलो नाही, कोणत्या मित्राशी बोलणं तोडायला लावलं, कोणती गोष्ट एकट्याने सांगितली होती आणि ती रविवारी माइकवरून ऐकली, हेही मोजता येतं, फक्त एकेक करून आणि तारखेनिशी. त्या रात्री शाळेच्या खोलीत मोबाइलवर लिहायला बसलो. अकरा नोंदी झाल्या. बाराव्या नोंदीत कर्जदार मीच निघालो, मी ज्या दोन पोरांना त्या मंडळीत ओढून आणलं होतं त्यांचा. पुढे लिहिलं नाही. काका घोरत होते, इतके की खिडकीचा पत्रा वाजत होता.

काका पुढे आणखी एक बोलले होते. "आणि माफ झालं म्हणजे सोसायटी दुसऱ्या दिवशी नवं कर्ज देती का? ते वेगळं टेबल."

राहुरी आली. कवी ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई इथे राहिले होते. पावसात काही दिसलं नाही.

राहुरीच्या मुक्कामी मेसेज आला. जुन्या मंडळीतून, बऱ्याच महिन्यांनी: भाऊ, आम्ही तुला क्षमा केली आहे, दार उघडं आहे. खाली हात जोडलेले. ज्यांच्याकडे बाकी आहे त्यांनीच पावती पाठवावी, याला काय म्हणायचं? इतका चिडलो की जेवताना दिंडीतल्या सिस्टरांवरच घसरलो. म्हटलं, क्षमेचा तो अध्याय, मत्तय 18, तुमच्याकडेही 'साताच्या सत्तर वेळा' पासूनच सुरू होतो का? त्या शांतपणे भाकरी मोडत म्हणाल्या, तो अध्याय 21 व्या वचनापासून सुरू होत नाही. सहाव्या वचनात लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी आहे. पंधरापासून सतरापर्यंत पद्धत आहे: आधी एकट्याला गाठून चूक दाखव, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीपुढे मांड, तिथेही नाही ऐकलं तर तो तुला परका. एवढं सगळं झाल्यावर पेत्र विचारतो, क्षमा किती वेळा करायची? आणि पुढच्या दाखल्यात राजाने दहा हजार तालांत सोडलेला चाकर आपल्या सोबत्याला ज्या शंभर दीनारांसाठी धरतो, ते थोडे नव्हेत, एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. तीन महिन्यांहून जास्त घर चालेल एवढी रक्कम. दहा हजार तालांतांपुढे ती छोटी, पण येशूने तिला शून्य म्हटलेलं नाही.

मग म्हणाल्या, जुनी वचनं वाचताना त्याच माणसाचा आवाज ऐकू येतो ना? मग वेगळं भाषांतर घ्या. पंडिता रमाबाईंचं बघा. शब्द अनोळखी असले की आवाज लागायला वेळ लागतो. हे मला कोणत्याही उपदेशापेक्षा कामाचं वाटलं.

आता टाचेचं. मूर्खपणा सगळा माझा. निघायच्या चार दिवस आधी नवे बूट घेतले, तेही बरोबर मापाचे. चालून चालून दुपारपर्यंत पाय सुजतो, म्हणून लांबच्या वाटेला बूट अर्धा-एक नंबर मोठाच लागतो. मोजे सुती, एकच जोडी पायात, दुसरी टेम्पोत, आणि टेम्पो पुढे निघून गेलेला. भिजलेली कातडी मऊ पडते, सुती मोजा पाणी धरून ठेवतो, आणि मग प्रत्येक पावलाला बुटाची कड तिला घासत राहते. राहुरी फॅक्टरीहून देवळाली प्रवराकडे वळलो तेव्हा नुसती जळजळ होती. तेव्हाच थांबून पट्टी लावली असती तर भागलं असतं. नाही थांबलो. थांबायला लाज वाटते, हीसुद्धा तिकडचीच सवय. अर्ध्या तासात उजव्या टाचेवर लिंबाएवढा फोड, आणि डाव्या करंगळीला दुसरा.

दिंडी पुढे गेली. शिट्टीवाला थांबत होता, मीच हाताने जा म्हटलं. उसाच्या कडेला मैलाच्या दगडावर बसलो आणि बूट काढायचा धीर होईना. येणारे-जाणारे सल्ले देत होते: हळद भरा, टूथपेस्ट लावा, सुईत दोरा ओवून आरपार काढा आणि दोरा तसाच ठेवा. दोऱ्याचा सल्ला तीन जणांनी दिला. तो ऐकायचा नसतो, ओला दोरा बाहेरची घाण आत घेऊन जातो.

समोरच्या वस्तीवरून एक म्हातारी आली. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात विळा. "हरेगावच्या का?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता माझा बूट उचलून चालायला लागली. बुटाच्या मागे मला जावंच लागलं. पत्र्याच्या छपराखाली बाज होती. तिने चुलीवरचं कोमट पाणी घमेल्यात ओतलं, खडेमीठ टाकलं, पाय बुडवायला लावले. मोजा सुटेना तर तो पाण्यातच सुटू दिला, ओढला नाही. मग नातवाच्या दप्तरातली पिन घेतली, काडेपेटीच्या ज्योतीवर धरली, काजळी पुसली आणि फोडाच्या अगदी बुडाशी, कडेला, दोन ठिकाणी टोचलं. पाणी दाबून काढलं नाही, फडकं टेकवून झिरपू दिलं. वरची कातडी मी सोलायला गेलो तर हातावर फटका बसला. "ऱ्हाऊ दे ती. खालचं कवळं हाय अजून. सुकली की ती आपली आपण गळंल." बीटाडीन माझ्याकडे होतं. पट्टी तिने जुन्या धोतराची फाडून दिली, उकळून वाळवलेली.

चहा दिला. कोरा, गुळाचा. आणि तो पिताना मी वाट बघत होतो. आता काय मागणार ही? तिकडे सुरुवात अशीच होते. पहिल्या महिन्यात डबा येतो, कोणी घरी सोडायला येतं, वाढदिवस लक्षात ठेवतात, आणि सहा महिन्यांनी त्या प्रत्येक डब्याचा हिशेब समोर येतो. मी पाकीट काढलं, म्हणजे आधीच फेडून टाकावं. ती माझ्याकडे बघायला लागली, काहीतरी घाण दाखवल्यासारखी. पाकीट आत ठेवलं.

बूट परत चढणार नव्हताच. तिने छपराच्या आढ्यातून चपलांचा जोड काढला. रबरी, टाचेला झिजलेला, माझ्या पायाला दोन बोटं मोठा, एका अंगठ्याला तारेने शिवलेला. मी म्हटलं, परत कुठे आणून देऊ? "पायताण काय कुणी उसनं देतं का?" म्हणाली, आणि म्हशीकडे गेली. तिकडूनच ओरडली, "माझी दरसाल पंढरीची असती. माउलीला सांग, गुडघं लई दुखत्यात." कोणत्या माउलीला, ते मी विचारलं नाही.

काका एका पुलावर बसून राहिले होते, माझ्यासाठी. पुढचं अंतर आम्ही दोघेच, फटक-फटक चपला वाजवत. मेसेज त्यांना वाचून दाखवला. जायचं का परत, म्हणाले. मी दाविदाची गोष्ट काढली. 'अभिषिक्ताला हात लावू नका', म्हणजे पुढाऱ्याविरुद्ध बोलू नका, हे वचन आम्हाला उठता-बसता ऐकवलं जायचं. पण दाविदाने काय केलं ते 1 शमुवेल 24 मध्ये सरळ लिहिलेलं आहे. त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल एन-गेदीच्या गुहेत त्याच्या हाती सापडतो. दावीद त्याच्या झग्याची कड तेवढी कापतो, मारत नाही. मग गुहेबाहेर येऊन हाक मारतो, तुकडा दाखवतो आणि तू माझ्याशी काय केलंस ते तोंडावर सांगतो. शौल रडतो, चुकलो म्हणतो. दावीद शपथही देतो. आणि शेवटच्या वचनात शौल आपल्या घरी जातो, दावीद आपल्या माणसांना घेऊन गडावर चढतो. त्याच्या मागोमाग राजवाड्यात जात नाही. त्या वाड्यात शौलाने दाविदावर फेकलेला भाला भिंतीत घुसलेला होता. पुढे 26 व्या अध्यायात पुन्हा बोलायची वेळ येते तेव्हा दावीद पलीकडच्या डोंगरमाथ्यावर उभा राहतो, मध्ये बरंच अंतर ठेवून, आणि तिथून ओरडून बोलतो.

"भाल्याच्या पल्ल्याबाहेर," काका म्हणाले. मग दहा मिनिटं कांद्याचा भाव.

बेलापुरात प्रवरा भरून वाहत होती. श्रीरामपुरात ट्रॅफिक. हरेगावला बंद साखर कारखान्याच्या बाजूने आत शिरलो तेव्हा गर्दी एवढी होती की संत तेरेजाच्या चर्चचं दार दिसायलाच तास गेला. आकाशपाळणे, रेवड्या, मेणबत्त्यांचे ढीग, हरवलेल्या पोरांची नावं माइकवर. मला वैताग आला आणि रडूही आलं, नेमकं कशाचं ते कळलं नाही. म्हातारीचे गुडघे मात्र लक्षात ठेवून सांगितले.

मैदानातल्या मिस्साला प्रभूची प्रार्थना सुरू झाली. बाटली टेम्पोत राहिली होती. ती ओळ आली तेव्हा हजारो लोक 'अपराध' म्हणाले आणि मी 'ऋण' म्हणालो, सवयीने, आणि बरंच मोठ्याने. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं. अकरा नोंदींपैकी किती सुटल्या ते सांगता येणार नाही. चार असतील. बाराव्या नोंदीतल्या दोघांपैकी एकाचा नंबर माझ्याकडे अजून आहे. मेसेजला उत्तर दिलं नाही, तो नंबर ब्लॉक केला.

बाहेर आलो तर चपला गेलेल्या. तारेने शिवलेल्या, झिजलेल्या, दोन बोटं मोठ्या चपला कोणी का न्याव्यात? सगळी रांग दोनदा शोधली. पट्टी बांधलेला पाय चिखलात, डोक्यात सणक गेलेली. काका हसत सुटले. शेवटी जत्रेतल्या दुकानात गेलो. दुकानदाराने पायाकडे बघून नंबर काढला. म्हटलं, हा नको, एक नंबर मोठा द्या.