ए पॉझिटिव्ह, तरी जुळेना

आई नौपाड्यातल्या घरी बाथरूमपाशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हिमोग्लोबिन ७.८. ऑपरेशनआधी रक्ताच्या दोन पिशव्या चढवायच्या ठरल्या. आई ए पॉझिटिव्ह, मीही ए पॉझिटिव्ह. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला तर तासाभरात अकरा जण तयार. मी निर्धास्त.

रात्री रक्तपेढीतून फोन आला, "चार पिशव्यांचं रक्त आईंच्या रक्ताशी जुळवून पाहिलं, एकही क्रॉसमॅच होत नाहीये."

तोवर मेसेज पुढे पाठवता पाठवता कुणीतरी त्यात ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ घुसडलं होतं. साताऱ्याहून त्या ग्रुपचे एक गृहस्थ निघायच्या तयारीत! त्यांना थांबवताना मला लाजल्यासारखं झालं. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला तो ग्रुप वेगळाच. त्यात ए-बीच्या मुळाशी असलेला एच घटकच नसतो. आईचा ग्रुप अगदी साधा होता. अडचण तिच्या रक्तातल्या अँटीबॉडीजची, म्हणजे परक्या रक्तपेशींवर हल्ला करणाऱ्या प्रथिनांची होती.

सकाळी आईच्या रक्ताच्या नळ्या आईसपॅकच्या डब्यात घालून लोकलने निघालो. दादरला गाडी बदलून परळ, तिथून केईएम हॉस्पिटलच्या आवारातली एनआयआयएच, रक्ताच्या अशा तपासण्या करणारी राष्ट्रीय संस्था. गर्दीत डबा छातीशी धरून उभा होतो. एका काकांनी विचारलं, "आंबे का?"

तिथल्या मॅडमनी आईचा सीरम, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, प्रयोगशाळेत तयार ठेवलेल्या अकरा दात्यांच्या लाल पेशींशी ताडून पाहिला. त्या पेशींवर कोणते अँटिजेन, म्हणजे ओळखखुणा, आहेत हे आधीच माहीत असतं, त्यामुळे कुठे गुठळी होते आणि कुठे नाही यावरून अँटीबॉडी ओळखता येते. दोन निघाल्या, आरएच या रक्तगटातल्या स्मॉल सी या अँटिजेनविरुद्ध एक आणि किड या दुसऱ्या रक्तगटातल्या जेके-ए अँटिजेनविरुद्ध दुसरी. मॅडमनी विचारलं, "आईंना आधी कधी रक्त चढवलं होतं?"

फॉर्मवर त्या प्रश्नापुढे मीच ‘नाही’ लिहिलं होतं. आईला फोन लावला.

"चढवलं होतं की. १९९१ ला, तुझ्या बहिणीच्या वेळी. दोन बाटल्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी मला?"

बहिणीला जन्मतः कडक कावीळ झाली होती, निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, हेही तेव्हाच कळलं. स्मॉल सीची अँटीबॉडी गरोदरपणात बाळाच्या पेशींवरही हल्ला करू शकते, मॅडम म्हणाल्या. ती आधीच्या बाळंतपणात तयार झाली असेल. आधीचं बाळ म्हणजे मी. माझी तपासणी केली तर स्मॉल सी पॉझिटिव्ह निघालो. आईत तो नाही, म्हणजे तो बाबांकडून आलेला. रांगेत सगळ्यात पुढे उभा राहिलेला मुलगा आईच्या कामाचाच नव्हता.

भावंडांत जुळायची शक्यता जास्त म्हणून कळव्याच्या मामाला विचारलं, पण तो ६७ वर्षांचा आणि रक्तदानाची मर्यादा ६५.

स्मॉल सी नसलेली माणसं आपल्याकडे दुर्मीळ नाहीत, जेके-ए नसलेली तुलनेने कमी. दोन्ही नसलेलं रक्तही मिळतं, पण पिशवीच्या लेबलवर ते लिहिलेलं नसतं. तिथे फक्त एबीओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. बाकी सगळं एकेक पिशवी तपासून शोधायचं. ठाण्याच्या रक्तपेढीतल्या मुलाने एकोणीस पिशव्या तपासल्या, ए संपल्यावर ओ काढल्या. पहाटे दोन मिळाल्या, एक ए आणि एक ओ. मी चहा आणून दिला तर म्हणाला, "दादा, हे नशीब. कधी पन्नास तपासूनही हाती काही लागत नाही."

ऑपरेशन तीन दिवस उशिरा झालं. व्यवस्थित झालं.

घरी सोडताना आईच्या हातात अँटीबॉडीचं कार्ड दिलं. किडची अँटीबॉडी काही महिन्यांत इतकी क्षीण होऊ शकते की तपासणीत दिसतही नाही, आणि जेके-ए असलेलं रक्त पुन्हा चढवलं की जोमाने उसळू शकते. म्हणून रिपोर्ट स्वच्छ आला तरी कार्ड दाखवायचंच. आईने ते लॅमिनेट करून घेतलं, आधारच्या मागे ठेवलं आणि म्हणाली, "बाबांकडून आलं होय हे! त्यांना सांगते."