दिवाळ्याच्या धक्क्यावर सुकाणूची दुरुस्ती

वाशीच्या पुलांपासून ऐरोलीपर्यंत ठाण्याची खाडी दिसते भलतीच रुंद, पण ओहोटीला होडी चालण्याजोगं पाणी मधल्या पट्ट्यातच उरतं. उधाणाला पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो आणि कडेचा गाळ बघता बघता उघडा पडतो. आमच्या पंधरा फुटी शिडाच्या होडीचं सुकाणू तिथंच रुतलं. प्रवाहानं होडी मागे रेटली, पातं आडवं पिळलं गेलं आणि खालच्या बिजागरीशी चीर पडली. रोहित पक्षी, कांदळवन, 2022 सालचा रामसर दर्जा यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या धक्क्यावर केलेल्या दुरुस्तीबद्दल.

चीर बोटभरच होती. ‘पुट्टी भरा आणि निघा’ हा सल्ला धक्क्यावर सर्रास मिळतो, आणि त्याचा मला राग येतो. पात्याच्या आत प्लायवूड, वर फायबरग्लासची साल. पाणी बिजागरीच्या बोल्टच्या भोकांतून आधीच शिरलेलं असतं. नाण्यानं ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथं साल सुटली आहे, तेवढा भाग पेन्सिलनं आखा. खालच्या कडेला 6 मिमीची भोकं पाडताच तपकिरी, आंबूस पाणी ठिबकू लागलं. शेजारी जाळी सांधणारे एक तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचे म्होरके, म्हणाले, “पानी पिलंय त्यानं. आधी सुकू दे.” त्यांनीच शेडची सावली दिली, गोडं पाणीही दिलं.

गोडं पाणी हवंच, कारण मीठ आत राहिलं तर ते ओल धरून ठेवतं. एका बाजूची साल उघडून कुजलेलं प्लाय खरवडा, धुवा, सुकवा आणि रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं की पातं सुकलं. नवी मुंबईच्या दमट हवेत याला आठवडे लागू शकतात.

मग प्लायचा नवा तुकडा इपॉक्सीनं, म्हणजे राळ आणि हार्डनर मिसळून कडक होणाऱ्या गोंदानं, बसवायचा. सालीची कड एकास बारा उतारानं घासायची. साल 3 मिमी असेल तर चहूबाजूंनी 36 मिमी रुंद. त्यावर इपॉक्सीत भिजवलेल्या काचकापडाचे थर द्यायचे. इथल्या उन्हाळ्यात हार्डनर संथ जातीचाच घ्या. एका वेळी शंभरेक ग्रॅम मिश्रण पुरे, तेही पसरट ताटलीत. खोल डब्यात ते तापून धुरकटतं. थर कडक झाले की वरचा चिकट थर पाण्यानं घासून काढा, मगच पॉलिशपेपर. नाहीतर रंग पापुद्र्यानं सुटतो.

सगळ्यात कळीची बोल्टची भोकं. 8 मिमीच्या बोल्टसाठी 16 मिमीचं भोक पाडून दाट इपॉक्सीनं भरायचं, कडक झाल्यावर मधोमध पुन्हा 8 मिमी पाडायचं. म्हणजे बोल्टचा लाकडाशी संबंधच येत नाही. बिजागऱ्यांचे बुश, म्हणजे खिळीभोवतीच्या नळ्या, रबाळ्याच्या लेथवाल्याकडून ॲसेटल या टणक प्लॅस्टिकचे करून घेतले. नायलॉन पाण्यात फुगतं आणि सुकाणू जड होतं. बिजागऱ्या आवळण्याआधी दोन्हींतून एकच सरळ सळई आरपार जाते का ते बघा. जुन्या स्टेनलेस बोल्टच्या मानेवर तपकिरी डाग किंवा खड्डे दिसले तर बोल्ट फेकून द्या. ओल्या लाकडात हवा न मिळाल्यानं तो आतून खाल्ला गेलेला असतो.