कोपो कमॅरो ४२७ : क्लासच्या कागदापासून वजनकाट्यापर्यंत

कामाची सद्यस्थिती आधी. गाडी २०१२ ची कोपो कमॅरो, म्हणजे शेव्हर्लेने ड्रॅगसाठीच बांधलेली कमॅरो. इंजिन नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (सुपरचार्जर नसलेलं) ४२७ घनइंचांचं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. अमेरिकेत एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या स्टॉक एलिमिनेटरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या मूळ घडणीला धरून असलेल्या गाड्यांच्या गटात उतरवायची आहे. कॉम्बिनेशन (कुठलं इंजिन कुठल्या भागांसह) ठरलं, वजनाचा हिशोब झाला, बॅलास्टची म्हणजे भरीच्या वजनाची प्लेट बसली, हेडचे सीसी (कम्बश्चन चेंबरचं आकारमान) मोजून झाले. कॅम लिफ्टची (कॅम व्हॉल्व्ह किती उचलतो त्याची) फेरमोजणी आणि ट्रॅकच्या काट्यावरचं वजन अजून बाकी आहे. यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पाना हातात घेण्याआधीच उरकतो, म्हणून या नोंदीत जास्त जागा त्यालाच.

आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरचं ड्रॅग पाहिलेल्यांना सीसीवर पडणारे क्लास माहीत आहेत. एनएचआरएच्या स्टॉकमध्ये सीसीवर क्लास पडत नाही. गाडीचं यादीतलं वजन भागिले एनएचआरएने त्या इंजिनाला ठरवून दिलेली हॉर्सपॉवर, या भागाकारावर क्लास पडतो. डायनोवर इंजिन किती ताकद दाखवतं याला इथे स्थान नाही. वर्गीकरण गाइडमध्ये त्या मॉडेल वर्षासमोर, त्या इंजिनासमोर जो आकडा छापलाय तोच खरा.

कारखान्यांनी या खेळाची नस फार पूर्वी ओळखली. १९६८ च्या मस्टँग कोब्रा जेटचं ४२८ इंजिन कागदावर ३३५ हॉर्सपॉवरचं होतं. प्रत्यक्षात ते बरंच जास्त काढायचं, आणि त्या वर्षी पोमोनाच्या विंटरनॅशनल्समध्ये अल जोनिकने त्याच गाडीवर सुपर स्टॉक जिंकलं. चाळीस वर्षांनी फोर्डने २००८ ची कोब्रा जेट ५० गाड्यांपुरती काढली. डॉजने चॅलेंजर ड्रॅग पॅक आणला. शेव्हर्लेने २०१२ मध्ये ६९ कोपो बांधल्या, कारण १९६९ च्या अ‍ॅल्युमिनियम ४२७ वाल्या झेडएल१ कमॅरोही ६९ च होत्या. या नव्या गाड्या रस्त्यावर पासिंग होत नाहीत. कारखान्यातून निघतात त्याच ट्रॅकसाठी. त्यांच्यासाठी एनएचआरएने एफएस, म्हणजे फॅक्टरी स्टॉक, अशी वेगळी क्लासची रांग लावली आणि ते योग्यच केलं. सुपरचार्जर लावलेली नवी गाडी आणि कार्ब्युरेटरची १९७० ची गाडी एकाच क्लासमध्ये हेड्स-अप, म्हणजे कुणालाही आघाडी न देता, भिडवण्यात दोघांचीही मजा जाते.

कॉम्बिनेशन निवडताना

२०१२ च्या कोपोत दोन वाटा होत्या: ४२७ नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, कारखान्याचं रेटिंग ४२५ हॉर्सपॉवर, किंवा सुपरचार्जरवालं (ब्लोअरवालं) ३२७, ज्याचं रेटिंग त्याहून चढं. पहिला मोह ब्लोअरचाच होतो. पण रेटिंग जितकं चढं, तितकं त्याच क्लाससाठी वजन जास्त वाहावं लागतं. शिवाय ब्लोअरच्या गाडीत पुलीचा व्यास, बेल्टचं घसरणं, इंटरकूलरचं पाणी दोन रनच्या मध्ये थंड ठेवणं ही कामं वाढतात. पहिल्यांदा स्टॉकमध्ये येणाऱ्याने ४२७ घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. हवामान बदललं की वेळ किती बदलेल याचा अंदाज त्यात लवकर बसतो.

हे कॉम्बिनेशन म्हणजे एक अख्खं पाकीट आहे. हेड, इनटेक, थ्रॉटल बॉडी, कॅमची लिफ्ट, कॉम्प्रेशन, सगळं त्या एकाच नोंदीतलं हवं. एका वर्षाच्या ४२७ वर पुढच्या वर्षीचा इनटेक टाकला की गाडी दोन्हीपैकी कुठल्याच नोंदीत बसत नाही. पुढच्या वर्षांच्या ४२७ चं रेटिंगही वेगळं आहे: २०१९ च्या कोपोत ते ४७० आहे. वापरलेली गाडी घेताना म्हणूनच पार्ट नंबर आणि कास्टिंग नंबर आधी जुळवून घ्यावेत. बॉडीचा सिरियल नंबर २०१२ चा आणि आत इंजिन कुठल्या तरी तिसऱ्याच वर्षाचं, असं निघालं तर दुरुस्ती महागात जाते.

वजनाचा हिशोब

क्लासचं गुणोत्तर चालू वर्षाच्या तक्त्यातूनच घ्यायचं. इथे रीत कळावी म्हणून एका हॉर्सपॉवरमागे ७.५० पौंड धरलंय.

७.५० गुणिले ४२५ म्हणजे ३,१८७.५ पौंड. त्यात चालकाचे ठरलेले १७० पौंड मिळवायचे. झाले ३,३५७.५, म्हणजे ३,३५८. रन संपल्यावर चालकासकट, हेल्मेट-सूटसकट गाडी काट्यावर इतकी तरी भरलीच पाहिजे.

आता तीच गाडी, तेच इंजिन, पण रेटिंग ४७० झालं असं धरा. ७.५० गुणिले ४७० म्हणजे ३,५२५, अधिक १७०, एकूण ३,६९५. म्हणजे ४५ हॉर्सपॉवर कागदावर वाढली की ३३७ पौंडांच्या वर वजन अंगावर येतं. क्वार्टर माइलमध्ये १०० पौंडांना साधारण ०.१ सेकंद हा सर्वांच्या वापरातला ठोकताळा धरला तर एक तृतीयांश सेकंद गेला, आणि इंजिनात मात्र काहीच बदललं नाही. वजन न वाढवता तसंच ठेवलं तर ३,१८७.५ भागिले ४७० म्हणजे ६.७८. गाडी थेट जास्त वेगवान क्लासमध्ये ढकलली जाते आणि तिथला इंडेक्स, म्हणजे क्लाससाठी ठरवून दिलेला वेळ, तोही कडक असतो.

हा आकडा हलतो कसा, तर एएचएफएसमधून. ही आपोआप हॉर्सपॉवर वाढवणारी व्यवस्था. गाडी आपल्या क्लासच्या इंडेक्सच्या ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त खाली धावली की त्या कॉम्बिनेशनवर हॉर्सपॉवर चढते. चढते ती कॉम्बिनेशनवर, एका गाडीवर नव्हे. देशाच्या दुसऱ्या टोकाला कुणी त्याच ४२७ वर फार जोरात धावलं तर त्याचं वजन आपल्याही डिकीत येतं. म्हणून दर बदलानंतर गाइड पुन्हा पाहायचं आणि प्लेटचं वजन नव्याने काढायचं. गेल्या मोसमाचा आकडा डोक्यात ठेवून स्पर्धेला गेलेली गाडी वजनात कमी भरते आणि रन बाद होतो.

काट्यावर

चालक, सूट, हेल्मेट, नेक रेस्ट्रेंट आणि टाकीत रन संपताना उरेल इतकंच पेट्रोल ठेवून चार पॅडच्या काट्यावर गाडी अशी भरली: डावं पुढचं ९०५, उजवं पुढचं ८५०, डावं मागचं ७७५, उजवं मागचं ७८२. एकूण ३,३१२ पौंड, मागच्या बाजूचा वाटा ४७ टक्के.

हवे ३,३५८. कमी पडले ४६. त्यावर १५ पौंडांची राखीव ठेवली, कारण पेट्रोलचं एक गॅलन साधारण सव्वासहा पौंडांचं असतं, बर्नआउट आणि परतीचा रस्ता मिळून एका रनमध्ये त्याचा बराच भाग जातो, आणि घरचा काटा व ट्रॅकचा काटा काही पौंडांनी कधीच जुळत नाहीत. म्हणजे ६१ पौंड.

एक इंच जाडीची, १२ बाय १८ इंचांची पोलादी प्लेट ६१ पौंडांची भरते. पोलाद घनइंचाला ०.२८४ पौंड. हा आकडा लक्षात ठेवला की वर्कशॉपवाल्याला माप थेट सांगता येतं, कापून पुन्हा तोलत बसावं लागत नाही. प्लेट डिकीत, उजव्या मागच्या चाकाच्या मागे बसवली. सॉलिड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत लाँचला प्रॉपेलर शाफ्टचा पीळ उजवं मागचं चाक उचलू पाहतो, म्हणून वजन त्या कोपऱ्यात उपयोगी पडतं. बॅटरीही त्याच बाजूला. प्लेट बसल्यावर एकूण ३,३७३ आणि मागचा वाटा ४८ टक्क्यांच्या थोडा वर.

बोल्ट अर्ध्या इंचाचे, १०० पौंडांपर्यंत किमान दोन, पत्र्याच्या खालून रुंद बॅकिंग प्लेट. नुसता वॉशर टाकला तर अपघातात बोल्टचं डोकं डिकीचा पत्रा फाडून बाहेर येतं. वाळूच्या पिशव्या, शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या, सुटं वजन किंवा पाणी चालत नाही.

हेडचे सीसी

स्टॉकमध्ये जिंकलेल्या गाडीचं इंजिन उघडलं जातं. त्या इंजिनाच्या मापांच्या पानावर, म्हणजे ब्लूप्रिंटवर, कम्बश्चन चेंबरचा किमान आकार दिलेला असतो, त्याच्या खाली एकही चेंबर जाऊन चालत नाही.

४२७ मध्ये बोअर ४.१२५ इंच, स्ट्रोक ४.००. एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ८७६ सीसी. कॉम्प्रेशन ११ असेल तर वर उरणारी जागा ८७.६ सीसी. त्यात फक्त १ सीसी कमी झाला की कॉम्प्रेशन ११.१ च्या पुढे जातं. हेड सपाट करायला प्लेनिंगला टाकलं आणि ०.००६ इंच घासलं गेलं तर या हेडमध्ये जवळपास १ सीसी जातो. मशीनवाला नेहमीच्या सवयीने ०.०१० घासतो आणि हेड कायमचं बाद होतं. त्याच्या हातात देण्याआधी आठही चेंबर मोजून आकडे हेडवरच मार्करने लिहावेत.

मोजताना व्हॉल्व्ह आणि प्लग तेच हवेत जे इंजिनात जाणार आहेत. अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीखाली ग्रीसची पातळ रेघ, हेड किंचित तिरकं, छिद्र वरच्या बाजूला. ग्रीस जास्त झालं तर ते चेंबरमध्ये पसरतं आणि माप खरं असतं त्यापेक्षा लहान दिसतं. द्रव सोडायची मोजनळी (ब्युरेट) काढल्यावर बुडबुडा राहिला असेल तर त्या चेंबरचं माप सरळ टाकून द्यायचं. आमच्या जोडीत सात चेंबर अर्ध्या सीसीच्या आत जुळले. आठव्यात व्हॉल्व्ह सीट जास्त खोल कापलेली होती, त्यामुळे तिथे आकार मोठा आला. मोठा आकार नियमाला चालतो, फक्त त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी पडतं. बाकीचे सात त्याच्या जवळ आणण्यासाठी सीट बुडवायची नाही. खोल गेलेल्या सीटने फ्लो जातो तो परत मिळत नाही.

कॅम : अजून बाकी

ड्युरेशनला (व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो त्याला) मोकळीक आहे, लिफ्टला नाही. लिफ्ट व्हॉल्व्हजवळ, रिटेनरवर डायल इंडिकेटर लावून मोजतात. कॅम ग्राइंडर मात्र लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) लिफ्ट सांगतो आणि पुढचा गुणाकार आपल्यावर सोडतो. घोटाळा इथेच होतो. लोबवर ०.३३३ इंच आणि रॉकरचं गुणोत्तर १.८ धरलं तर व्हॉल्व्हवर ०.५९९. पण रॉकर प्रत्यक्षात १.८२ निघाला तर ०.६०६. सात हजारांश इंच जास्त, आणि तेवढ्यावरही जिंकलेला रन जातो. म्हणून सोळाही रॉकरची मोजणी वेगवेगळी करायची. हायड्रॉलिक लिफ्टर दबून खोटं कमी माप दाखवतात. मोजणीपुरते सॉलिड लिफ्टर आणि हलकी चेकिंग स्प्रिंग वापरायची. यादीतल्या लिफ्टच्या दोन-तीन हजारांश खाली राहिलेला कॅम वेळेत काही गमावत नाही आणि उघडणीच्या वेळी मन शांत राहतं.

पुढची यादी

मागचे टायर ९ इंच रुंदीच्या मर्यादेतले. गाडी ९.९९ सेकंद किंवा त्याहून जलद जाणार असल्याने चालकाला एनएचआरएचं लायसन्स आणि गाडीला चॅसिस सर्टिफिकेट हवं. केज कारखान्यातूनच आहे, तरी सर्टिफिकेटची तारीख स्टिकरवर तपासायची.

ट्रॅकवर पोहोचल्यावर पहिला रन करण्याआधी गाडी ट्रॅकच्या काट्यावर न्यायची आणि तिथला आकडा टेक कार्डाच्या (तांत्रिक तपासणीच्या कार्डाच्या) मागे लिहायचा. आमच्या काट्याशी त्याचा फरक ८ पौंडांपेक्षा जास्त निघाला तर सोबत नेलेली १० पौंडांची दुसरी प्लेट स्वतःच्या बोल्टने बसेल. तिची भोकं आधीच पाडून ठेवली आहेत. कॅमचे सोळा आकडे आले की ते पुढच्या नोंदीत देऊ, सोबत पहिल्या रनच्या सुरुवातीच्या ६० फुटांचा वेळही.