काही काम नसलेली रात्र

मार्गशीर्षातला गुरुवार. दुपारचे दोन.

आत्या अजून झोपली आहे. माझेही डोळे मिटतायत, पण कालची रात्र क्रमाने आठवतेय तोवर लिहून काढते.

बेत तिचाच. साताऱ्याहून ती आली ती एवढंच ठरवून, की एकदा रात्रभर मुंबई बघायची. मुंबईची रात्र तिने आधी पाहिलेली आहे, पण परळला, आतोबांच्या आजारपणात. हॉस्पिटलच्या बाहेर फूटपाथवर सतरंजी टाकून रात्री काढल्या तिने. "तेव्हा मान वर करून काही बघितलंच नाही गं," म्हणाली. त्यावर मी काय बोलणार?

सीएसएमटीला उतरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. लोक कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्या पकडायला आत धावत होते आणि आम्ही दोघी बाहेर निघालो होतो. मेल गाड्यांच्या बाजूला माणसं चादरी अंथरून झोपलेली. आत्या आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे ती त्या झोपलेल्या माणसांमधून राउंडला निघाल्यासारखीच चालली. एका आजोबांपाशी थबकून हळूच म्हणाली, "पाय बघ कसे सुजलेत. लांबून बसून आलेत बिचारे." पुढे एक लहान मूल उघडं पडलं होतं. त्याची आई जागी होईपर्यंत आत्या तिथून हलली नाही.

समोरच्या बाजूला जाऊन स्टेशनची इमारत बघितली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधली जात होती. समोरचं महापालिकेचं मुख्यालयही त्याचंच, १८९३चं. दिवसा या दोन इमारतींच्या मधून नुसती गर्दी वाहते. काल मी पहिल्यांदा त्यांच्यामधली मोकळी जागा पाहिली. कमानींवरचे दगडी प्राणी, वेली, पानं. आत्या म्हणाली, "हे सगळं हाताने कोरलंय होय?" आणि बराच वेळ गप्प राहिली.

माझं ऑफिस फोर्टात आहे. उशीर झाला की याच रस्त्याने मी स्टेशन गाठते. पण एकटी असताना मी कधी थांबत नाही. भराभर चालते, पर्स पुढे घेते, फोन कानाला लावते, पलीकडे कुणी नसलं तरी. बाई रात्री चालत असेल तर ती कुठून तरी सुटून घरी निघालेली असते, असं जग समजून घेतं. तीच उभी राहिली की सगळ्यांना प्रश्न पडतो. काल सोबत आत्या होती आणि मी मनात येईल तिथे थांबत होते. सोबतीचा हा केवढा मोठा उपयोग आहे! धोका कमी होतो हे तर झालंच, पण नुसतं बघत उभं राहता येतं.

गणपतीत आम्ही रात्र रात्र बाहेर असतो, हे खरं. लालबागच्या रांगेत पहाटे तीनला बायकाच जास्त दिसतात, विसर्जनाच्या रात्री जादा लोकल सुटतात, नवरात्रातही तेच. पण तिथे दर्शन असतं. देवाच्या, दवाखान्याच्या किंवा ड्युटीच्या नावावर रात्र आम्हाला नेहमीच मिळत आली आहे. कालची रात्र मला त्यातल्या कशाच्याही नावावर नको होती.

दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौकात आलो. १८६४चं फ्लोरा फाउंटन आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार. इथे आत्याने चप्पल काढून नमस्कार केला. आमचे आजोबा १९५७ साली प्रतापगडच्या मोर्चात होते. पंडित नेहरू शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले होते तेव्हाचा, संयुक्त महाराष्ट्रासाठीचा तो मोर्चा. काळं निशाण घेऊन गेलेले आजोबा घरी परत येईपर्यंत आजी उंबऱ्यात बसून होती, ही गोष्ट आत्याने तिथेच सांगितली. मी ती आधी ऐकली होती, पण आजी रात्रभर एकटी बसली होती हे मला कालच कळलं.

तिथून हॉर्निमन सर्कलला जाऊन एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या लांबूनच पाहिल्या. टाउन हॉलची ही इमारत १८३३ची. लेखिका दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं इथे येऊन वाचत बसायच्या. आत्याने त्यांचं नाव ऐकताच मान डोलावली, "आणीबाणीत बोलल्या त्या." बस, एवढंच. त्या इमारतीची याहून चांगली ओळख मला करून देता आली नसती.

मागे फिरून उच्च न्यायालयाच्या कडेने ओव्हलकडे वळलो आणि तिथे रस्त्याच्या पाटीखाली आत्या थांबली. कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. मी या रस्त्याने कितीदा गेले असेन, पण पाटीवरचं नाव आणि माझी आत्या यांचा काही संबंध आहे हे मनातही आलं नव्हतं. ती रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकली. तिच्या वर्गातल्या मुली शेतमजुरांच्या, धनगरांच्या घरातल्या. ती नर्सिंगला जाऊ शकली ती त्या शाळेमुळे. अण्णांनी, म्हणजे भाऊरावांनी, १९१९ साली काले गावात संस्था काढली, पुढे साताऱ्याला आणली. वसतिगृहातल्या पोरांना जेवू घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. हे ती रात्री दीडच्या सुमारास, समोर राजाबाई टॉवर असताना, मला सांगत होती. टॉवरलाही एका बाईचंच नाव आहे: प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाला पैसे दिले आणि आपल्या आईचं नाव मनोऱ्याला मागितलं. १८७८ साली तो पुरा झाला. आत्याचं मत पडलं की एखादं नाव लक्ष्मीबाईंचंही या बाजूला कुठे तरी हवं. मला ते मनापासून पटलं. ओव्हलच्या पलीकडच्या कडेला महर्षी कर्वे रस्ता आहे. ज्यांनी मुलामुलींना शिकवायला आयुष्य घातलं, त्या दोघांच्या नावांचे रस्ते या एका मैदानाच्या दोन बाजूंना आहेत. असं असताना आम्हाला इथे रात्री उभं राहायला संकोच का वाटावा?

मरीन ड्राइव्हला पोचलो तेव्हा वारा गार होता आणि समुद्र शांत. कठड्यावर बसलो. सायकलवाला आला, त्याच्याकडून दोन कटिंग घेतले, मग आणखी दोन. दिव्यांची रांग पिवळी आहे. २०१५ साली इथे पांढरे एलईडी बसवले होते, लोकांना ते आवडले नाहीत आणि पुन्हा पिवळा उजेड आला. मला त्याचं आजही बरं वाटतं. पांढऱ्या उजेडात ही किनार दवाखान्यासारखी दिसायची, आणि आत्याला मी दवाखान्यातून बाहेर काढून आणलं होतं.

अडीच-तीनच्या दरम्यान पोलिसांची गाडी आली. एक महिला शिपाई उतरली. "मावशी, कुठं जायचंय?"

"कुठंच नाही. बसलोय."

"घरी काही झालंय का?"

"नाही गं बाळ. भाची आणि मी फिरायला आलोय."

ती क्षणभर आमच्याकडे बघत राहिली. मग आत्यानेच तिला विचारलं की नाइट किती दिवसांची असते, जेवण कधी होतं, पाय दुखतात का. दोघी नाइट ड्युटीवर बोलू लागल्या. तीननंतरचा तास सगळ्यात जड, यावर दोघींचं एकमत झालं. आत्या म्हणाली, वॉर्डात त्या तासाला पेशंटचा हात धरून बसावं लागायचं, औषधापेक्षा त्याचाच उपयोग व्हायचा. जाताना ती पोरगी म्हणाली, "बसा निवांत. आम्ही इकडून फेरी मारतोच." तिचा आवाज माझ्या कानात अजून आहे. "घरी जा" असं ती म्हणाली नाही, याचा मला फार आनंद झाला.

चर्चगेटहून पहाटेची पहिली लोकल पकडली. लेडीज डब्यात रिकाम्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका आणि गणवेशातली एक मुलगी, तेवढ्याच. दादरला उतरून फूलबाजारात शिरलो तर तिथे दिवस केव्हाच सुरू झालेला. मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे घरोघर लक्ष्मीचा घट, त्यामुळे सेनापती बापट मार्गावर पाय ठेवायला जागा नाही. शेवंती, झेंडू, अष्टर, वेण्यांचे ढीग, आंब्याच्या डहाळ्या, पूजेच्या पाच फळांचे वाटे. ट्रकमधून गोणी उतरत होत्या, हमाल "बाजू, बाजू" ओरडत होते. रात्रभर आम्ही एकेक बाई शोधत होतो आणि इथे विकायला बायका, घ्यायला बायका. वसईची एक आजी सोनचाफा पानात बांधून देत होती. आत्याने तिला विचारलं, किती वाजता निघता? ती म्हणाली, चाफा रात्रीच खुडायचा, मग झोप कसली. भाव मात्र आत्याने सोडला नाही. घासाघीस करून आजीला हसवलं आणि ठरल्यापेक्षा दहा रुपये जास्त दिले.

घरी येऊन तिने आधी घट मांडला, मग माझ्या आईला फोन लावला. "वहिनी, पुढच्या बुधवारी रात्री तुम्हीपण चला. ससून डॉक राहिलंय, पहाटे मासळीचा लिलाव असतो म्हणे तिथं." आई रात्री नवानंतर कामाशिवाय घराबाहेर पडलेली मला आठवत नाही. फोन स्पीकरवर होता. आईने आधी विचारलं, तिथे काम काय आहे. मग थोडं थांबून विचारलं, थंडी फार असते का.